कष्टकऱ्यांच्या सुटीवर रेल्वे मंत्रालयाचा घाला

२०१६ पासून रेल्वेच्या तिकिटांवर एक वाक्य छापले जाऊ लागले. प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी अवघे ५७ टक्के रेल्वेला प्रवाशांकडून वसूल होतात, असा त्याचा आशय. तिकीट ही रोख पैसे मोजल्याची पावती. मंत्रालयाने तिचे दानपत्र करून टाकले. साध्या डब्याच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढणाऱ्या माणसाला त्याच्याच पैशाने छापलेल्या कागदावर सुनावण्यात आले की, बाबा रे, तू सरकारच्या उपकारावर प्रवास करतो आहेस. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत तोच पाढा पुन्हा वाचला: प्रवासी सेवेवर दर शंभर रुपयांमागे ४६ रुपयांची सवलत, एकूण सुमारे ५७ हजार कोटी रुपये.

आकड्याशी आमचे भांडण नाही. मंत्रिमहोदयांच्या हिशोबाच्या वहीतले दुसरे पानही वाचकांनी पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. या एका घोषणेने सरकारी तिजोरीला वर्षाकाठी १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे पाणी सोडावे लागेल, हा अंदाज खुद्द सरकारचा. म्हणजे देशातील यच्चयावत रेल्वे प्रवाशांच्या तथाकथित सवलतीच्या अडीच पट. परंतु कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदावर 'आम्ही जनतेच्या उपकारावर नफा कमावतो' असा शिक्का मारल्याचे अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही. सवलत भांडवलदाराला दिली की तिला 'प्रोत्साहन' म्हणतात आणि कष्टकऱ्याला दिली की ती 'बोजा' होते. हा शब्दांचा खेळ जुनाच आहे. तो तिकिटावर छापण्याची हिंमत मात्र नवी आहे.

उपकाराखाली दबलेला हा प्रवासी कोण?

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरचे उदाहरण घेऊ. अनेक टप्प्यांत पसरलेली ही वसाहत वरवर पाहता सुखवस्तू दिसते. मेट्रोचे 'जयप्रकाश नगर' स्थानक आहे, मराठी रंगभूमीवरही वावरलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले 'रंगशंकरा' नाट्यगृह आहे, तळी आहेत, बंगले आहेत. पण या बंगल्यांची दारे राखणारे, त्यांच्या दारात डबे आणि किराणा पोचवणारे, जवळच्या बोम्मनहळ्ळीच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणारे, संगणकासमोर रात्रपाळी करणारे असे हजारो तरुण आसपासच्या गल्ल्यांतून चौघे-सहाजण मिळून एक खोली घेऊन राहतात. त्यांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुले कमी नाहीत. (शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून या गावाशी मराठी माणसाचा संबंध आहे, तो आता जहागिरीचा राहिलेला नाही, रोजंदारीचा आहे.)

ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते ते जयप्रकाश नारायण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, हे तिथल्या किती रहिवाशांना ठाऊक असेल? जयप्रकाशांच्या राजकारणाशी आमचे मतभेद सर्वश्रुत आहेत व ते आम्ही कधी लपवलेले नाहीत. तरीही रेल्वे कामगारांच्या एका पुढाऱ्याच्या नावाच्या वसाहतीतील कामकरी तरुणाला वर्षातून एकदा साध्या गाडीने चार दिवस कोठे जाऊन येणे दुर्घट व्हावे, हा काळाचा मोठाच उपहास म्हटला पाहिजे.

अशा एका खोलीतील सहा मित्रांनी सहलीचा बेत केला, असे धरून चाला. बेत काही राजेशाही नाही. रात्रीच्या हंपी एक्सप्रेसने निघायचे, सकाळी होसपेटला उतरायचे, हंपी पाहायची. तिथून हुबळी, लोंढा करीत घाट उतरून गोवा. आणि परतीला वास्कोहून यशवंतपूरची रात्रीची गाडी. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. या बेतातील अर्थशास्त्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. ज्याच्याकडे पैसा बेताचा आणि रजा त्याहून बेताची, त्याच्या लेखी शयनयानाचा बर्थ हे निव्वळ वाहन नसते. तो बर्थ त्याचे लॉज असतो. पाच दिवसांच्या सहलीत दोन रात्री गाडीत गेल्या की दोन रात्रींचे खोलीभाडे वाचते. आणि त्याहून मोलाचे म्हणजे दोन दिवसांची रजा, अर्थात दोन दिवसांची मजुरी वाचते. श्रीमंत प्रवासी वेळ वाचवायला पैसा मोजतो. गरीब प्रवाशाचा पैसाही रात्रीची गाडी वाचवते आणि वेळही. म्हणूनच शयनयानाच्या डब्याला हात लावणे म्हणजे कामगाराच्या रजेला हात लावणे होय, आणि गेली कित्येक वर्षे नेमके हेच चालले आहे.

अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांतून शयनयानाचे डबे काढून त्यांच्या जागी वातानुकूलित तृतीय श्रेणीचे डबे जोडण्यात आले. भाडे साधारण अडीच पट. १९७४ साली 'तिसरा वर्ग' हा अपमानास्पद शब्द रेल्वेतून हद्दपार झाला होता. तो थंडगार होऊन परत आला आणि आता तोच महाग झाला!

आरक्षण नावाची लॉटरी

मित्रांनी तिकिटे काढायचे ठरवले की पहिली अडचण उभी राहते ती रजेची. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती). परंतु कारखान्यातील सुपरवायझर दोन महिने आधी रजा मंजूर करीत नाही. पहारेकऱ्याला बदली माणूस मिळेल की नाही हे आदल्या आठवड्यात कळते. रजा हाती आली की आरक्षण संपलेले, आणि आरक्षण करावे तर रजेचा पत्ता नाही. मग उरते तत्काळ. शयनयानाचे तत्काळ आरक्षण सकाळी अकराला उघडते आणि मूळ भाड्यावर ३० टक्के जादा घेते. अकराच्या ठोक्याला शिवणयंत्रावर बसलेली कामगार स्त्री फोन हातात घेऊ शकत नाही, हे मंत्रालयातील वातानुकूलित दालनात कोणाच्या ध्यानीमनी येणार? तत्काळ आरक्षणातील दलालांना आवर घालण्यासाठी २०२५ मध्ये आधारची सक्ती आणि तत्सम उपाय योजले गेले. ठीक आहे. पण दलाल हा टंचाईचा बांडगूळ आहे. जिथे जागाच अपुऱ्या, तिथे एक दलाल हाकलला तर दुसरा येतो.

तिकीट प्रतीक्षायादीत गेले आणि तिथेच राहिले तर? गाडीत जागा मिळत नाही, पण रेल्वे दर प्रवाशामागे शयनयानाचे ६० रुपये कापून घेते. सहा मित्रांचे ३६० रुपये कोणतीही सेवा न घेता गेले. माहितीच्या अधिकारात उघड झालेल्या आकड्यांनुसार २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात प्रतीक्षायादीतील रद्द तिकिटांतून रेल्वेने सुमारे १,२३० कोटी रुपये मिळवले. डबा न जोडताच डब्याची कमाई! सराफाच्या दुकानातही इतका नफा नसेल.

घरबसल्या तिकीट काढण्याची 'सोय' म्हणून जे शुल्क घेतले जाते त्याचीही कथा वाचकांनी ध्यानात ठेवावी. नोटबंदीच्या दिवसांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ते माफ झाले होते. १ सप्टेंबर २०१९ पासून ते पुन्हा लागू झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबर २०१९ रोजी, तिकिटे विकणारी आयआरसीटीसी ही सरकारी कंपनी शेअर बाजारात उतरली आणि ३२० रुपयांना विकलेला तिचा शेअर पहिल्याच सकाळी ६४४ रुपयांवर उघडला. एकीकडे प्रवाशाच्या खिशातून शुल्क निघाले, दुसरीकडे सटोडियाच्या पदरात दुप्पट पैसे पडले. यांतला दुवा समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वृद्धांचेही तेच. पुरुषांना ४० टक्के व स्त्रियांना ५० टक्के असलेली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने काढून घेतली. महामारी ओसरली तरी पुढील पाच वर्षांत ती परत दिली नाही, आणि तेवढ्या काळात त्यांतून सुमारे ८,९०० कोटी रुपयांची जादा मिळकत झाली. साध्या पॅसेंजर गाडीचे किमान भाडे त्याच निमित्ताने १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आले. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, हा अर्थातच योगायोग!

दिवसाची गाडी कोणासाठी?

१० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी बंगळुरू–बेळगाव वंदे भारत एक्सप्रेसला हिरवा झेंडा दाखवला. बेळगावकडच्या मराठी जनतेला ही मोठी भेट असल्याचे ढोल बडवले गेले. सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर साडेआठ तासांत कापणारी गाडी कोणाला नको आहे? वेगाला आमचा विरोध नाही. पण ही गाडी पहाटे बेळगावहून निघून दुपारी बंगळुरूला पोचते आणि दुपारी निघून रात्री परत जाते. म्हणजे जाताना एक दिवस बुडाला, येताना दुसरा. बसण्याच्या साध्या खुर्चीचे भाडे त्याच मार्गावरील शयनयानाच्या तिपटीहून अधिक. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या अधिकाऱ्याला ती सोयीची आहे यात शंका नाही; सणाला गावी निघालेल्या खानापूरच्या पोराला तिचा उपयोग एवढाच की, ती जाताना त्याची गाडी बाजूला थांबवली जाते.

मंत्रालय उत्तर देते की, दोनतृतीयांशांहून अधिक डबे अजूनही वातानुकूलनाविना आहेत. दोन वर्षांत सुमारे दहा हजार असे नवे डबे बांधण्याचा कार्यक्रम २०२४ मध्ये जाहीर केला आहे. सामान्यांसाठी अमृत भारत एक्सप्रेस सुरू केली आहे. जे चांगले आहे त्याचे स्वागत करायला आम्ही कचरत नाही. परंतु ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पहिल्या दोन अमृत भारत गाड्यांपैकी एक बंगाल व बंगळुरू यांना जोडणारी, माल्दा टाऊनहून येणारी होती. ती धावू लागली आठवड्यातून एकदा! लाखो बंगाली, बिहारी, ओडिया मजूर ज्या शहरात राबतात त्या शहरासाठी आठवड्याला एक गाडी. डब्यांच्या सरासरीवर कोणी झोपू शकत नाही. झोपायला फलाटावर उभ्या असलेल्या गाडीत बर्थ लागतो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरताना चेंगराचेंगरीत नऊ-दहा जण जायबंदी झाले. त्यांना ती सरासरी कोणी समजावून सांगावी?

आणि आता त्याच हंपीकडे, त्याच गोव्याकडे जाणारी दुसरी एक गाडी पाहा. कर्नाटक सरकारच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या सहकार्याने २००८ साली 'गोल्डन चॅरियट' ही आलिशान गाडी काढली. २०१८ मध्ये ती बंद पडली, मग आयआरसीटीसीने ती चालवायला घेतली. माणशी भाडे लाखांत. महाराष्ट्र तरी मागे कशाला राहील? आपल्याकडे 'डेक्कन ओडिसी' आहेच. सार्वजनिक रुळांवरून सार्वजनिक महामंडळांनी राजवाडे फिरवावेत आणि सहा मित्रांना साधे सहा बर्थ मिळू नयेत, यालाच आपल्याकडे पर्यटन विकास म्हणतात. गोव्याच्या घाटात तर सर्वांवर कडी झाली. जुलै २०२३ मध्ये दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून पायी निघालेल्या तरुणांना, ज्यांत कर्नाटकातून आलेले पुष्कळ होते, रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. रुळांवरून चालणे धोक्याचे आहे हे आम्हांलाही कळते आणि त्या मनाईचे आम्ही समर्थनच करू. पण धबधबा पाहायला आलेल्या तरुणाला शाळकरी पोराप्रमाणे कान धरायला लावणाऱ्या यंत्रणेने पावसाळ्याच्या चार रविवारी एखादी स्वस्त गाडी सोडण्याचा विचार का करू नये? त्याच घाटात दुसरा मार्ग टाकण्यासाठी मात्र मोले अभयारण्याचा घास घ्यायची तयारी होती. त्या मार्गावर मुरगाव बंदरातील दगडी कोळसा वाहायचा आहे, हे गोव्यातील जनतेने रस्त्यावर येऊन सांगितले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाची मंजुरी रद्द ठरवली. कोळशाला वाट हवी म्हणून सरकार न्यायालयापर्यंत जाते. माणसाला प्रतीक्षायादी पुरते.

हे सारे अटळ होते काय?

मुळीच नाही. १९७७ च्या डिसेंबरात, २६ तारखेला, हावडा–मुंबई गीतांजली एक्सप्रेस धावली. ती वर्गविहीन गाडी होती. पहिला वर्ग तिला नव्हताच. रेल्वेमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते. दंडवते समाजवादी, आम्ही कम्युनिस्ट; वादाचे प्रसंग अनेक आले. पण दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंची गादी त्यांच्याच कारकीर्दीत आली, आणि १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेण्याचे पाऊलही त्यांनीच उचलले. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या त्या वीस दिवसांच्या संपात सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार उतरले होते, हजारो तुरुंगात गेले होते. त्या संपाने हादरलेल्या काळाची पार्श्वभूमी त्या दोन इंची गादीमागे आहे, हे विसरून केवळ मंत्र्याच्या सहृदयतेचे गोडवे गाणे म्हणजे इतिहास अर्धाच सांगणे होय.

सुटीचाही इतिहास तसाच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. त्याला १३५ वर्षे होत असताना त्याच मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी जानेवारी २०२५ मध्ये आठवड्याला ९० तास काम करण्याचा उपदेश केला, आणि रविवारी लोकांना कामाला जुंपता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. त्यांच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बंगळुरूचेच नारायण मूर्ती तरुणांनी ७० तास राबावे असे सांगून गेले होते. ही केवळ म्हाताऱ्यांची बडबड म्हणून सोडून देता येत नाही. जून २०२५ मध्ये कर्नाटकातील काँग्रेस सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करून रोजचे काम दहा तासांवर नेण्याचा प्रस्ताव पुढे आणला आणि त्याविरुद्ध तेथील आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला रस्त्यावर यावे लागले. दिल्लीत भाजप आणि बंगळुरूत काँग्रेस. कामगाराच्या वेळेवर डोळा दोघांचाही. याच कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला, हेही नोंदवले पाहिजे. स्वतःच्या इच्छेने, कोणाकडे हात न पसरता देवाला, माहेरी वा नुसतेच फिरायला निघालेल्या स्त्रियांच्या झुंडीच्या झुंडी पाहून ज्यांच्या पोटात दुखले त्यांचा वर्ग ओळखायला वेळ लागत नाही.

१९३६ साली फ्रान्समध्ये असेच अनेकांच्या पोटात दुखले होते. कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या लोकआघाडीच्या सरकारने, कारखाने ताब्यात घेऊन बसलेल्या संपकरी कामगारांच्या रेट्याखाली, जूनमध्ये दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. पण रजा दिली आणि जाण्याची सोय केली नाही तर ती घरच्या चार भिंतींतच संपते, हे त्या सरकारातील क्रीडा व फुरसतीचे उपमंत्री लिओ लाग्रांज यांनी ओळखले. त्यांनी कामगारांसाठी ४० टक्के सवलतीचे वार्षिक रजा-तिकीट सुरू केले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोक ते तिकीट घेऊन निघाले. कित्येकांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. किनाऱ्यावर टोपीवाले कामगार दिसू लागताच भांडवली वृत्तपत्रांनी नाके मुरडली. आपल्या राज्यघटनेचा ४३ वा अनुच्छेद कामगाराला निर्वाह-वेतनाबरोबर फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला बजावतो. 'फुरसत' हा शब्द तिथे चुकून पडलेला नाही.

आपल्या चळवळीतील एक दुर्लक्ष

येथे आपल्याच काही कार्यकर्त्यांशी दोन शब्द बोलणे भाग आहे. सहल म्हटली की अनेक ज्येष्ठ कॉम्रेडांच्या कपाळाला आठी पडते. पगार, महागाई भत्ता, कंत्राटीकरण हे खरे प्रश्न. गोव्याला जाणे हे मध्यमवर्गीय चोचले, असा एक समज आहे. हा समज टिकणारा नाही. आठ तासांच्या लढ्याची मूळ घोषणाच आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी अशी होती. तो तिसरा आठ कोणाचा, यावरच तर भांडण आहे. डबे पोचवणाऱ्या तरुणाला तर रजाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत भरपगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस कामाची अट आल्याचे कौतुक सांगितले जाते. पण त्याला मुळात 'कामगार' न मानल्यामुळे तो हिशोब त्याच्यापाशी पोचतच नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये त्याच्यासाठी कल्याणनिधीचा कायदा केला, दर व्यवहारात त्याला मिळणाऱ्या मोबदल्याच्या प्रमाणात कंपन्यांवर अधिभार बसवला. भरपगारी रजेचा एक दिवसही त्यांतून मिळत नाही. तो ज्या दिवशी फिरायला जातो त्या दिवशी त्याची कमाई शून्य असते, म्हणून त्याच्यासाठी तर रात्रीची गाडी अधिकच आवश्यक.

तेव्हा कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत या बाबी स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत: प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीतील शयनयान व साध्या डब्यांची किमान संख्या ठरवून ती कमी करण्यास मनाई; प्रतीक्षायादीतच राहिलेल्या तिकिटावरची कपात बंद; ज्येष्ठांची सवलत पूर्ववत; आणि वर्षातून एकदा, कुटुंबासह वा मित्रांसह, निम्म्या भाड्यात जाण्या-येण्याचे कामगार रजा-तिकीट. रेल्वे कामगारांच्या संघटनांनाही ही मागणी परकी नाही. अधिक शयनयान गाड्या म्हणजे अधिक तपासनीस, अधिक गार्ड, अधिक फिटर, आणि २०२३ मध्ये रेल्वेत अडीच लाखांहून अधिक जागा रिकाम्या पडल्या होत्या. बंगळुरू, मिरज, हुबळी आणि मुंबई येथील साथींनी आपापल्या विभागातील रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्यांपुढे हा विषय मांडावा, कोणत्या गाडीतून किती डबे केव्हा काढले याची माहिती मागवावी आणि ती माहिती डब्याडब्यांतून वाटावी. जे. पी. नगर, पुट्टेनहळ्ळी, बोम्मनहळ्ळी येथील भाड्याच्या खोल्यांतून सह्या गोळा करण्याचे काम एका रविवारचे आहे, आणि रविवार अजून आपल्या हातात आहे.